कोल्हापुरात घरच्या बागेत आयरिस फुलेल का?

दाढीवाली आयरिस (पाकळ्यांवर दाढीसारखा केसाळ पट्टा असणारी) मागवणार असाल तर थांबा. तिला फुलायला कडाक्याची थंडी लागते, ती आपल्याकडे पडत नाही. वर जून-जुलैचा पाऊस कंद कुजवतो. माझे तीन कंद असेच गेले, बोट लावलं तर पिठल्यासारखे मऊ. त्यापेक्षा 'चालणारी आयरिस' लावा, म्हणजे निओमारिका. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली, कुंडीत निम्मी माती, बाकी शेणखत नि वाळू. बाहेरच्या पाकळ्या पांढऱ्या, आतल्या निळ्या, मागं वळलेल्या. फूल एकच दिवस टिकतं, त्यामुळं त्या दिवशी सकाळचा चहा कुंडीशेजारीच! नंतर दांड्याच्या टोकाला पिल्लू येतं, दांडा वाकून मातीला टेकला की ते मूळ धरतं. शेजाऱ्यांना द्यायला रोपं आयतीच.