चाळीतला कांदा, मनातला भाव

प्रश्न : कांदाचाळीत (साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये) १०० क्विंटल उन्हाळ कांदा आहे. आज क्विंटलला १५०० रुपये भाव मिळतोय, पण मागे एकदा २२०० ऐकल्यापासून विकायला मन होत नाही. थांबू का? (एक वाचक, निफाड)

उत्तर : २२०० हा आकडा मनात खुंटीसारखा रुतलाय. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७४ मध्ये हेच दाखवलं : आधी कानावर पडलेल्या आकड्याभोवतीच आपला अंदाज घुटमळतो. हिशेब उलटा मांडा. सड आणि वजनघटीत २५ क्विंटल गेले, तर उरलेल्या ७५ला २००० मिळाले तरच आजचे दीड लाख हाती येतात. निवडणीची मजुरी वेगळीच. चाळीच्या ज्या कप्प्यात कोंब किंवा काजळी (काळी बुरशी) दिसते, तो आधी फोडून विका. बाकीचा तीन टप्प्यांत विका. तारखा आजच वहीत लिहा. लिलावात ट्रॅक्टर उभा असताना ठरवू नका.