‘आमच्याकडे फाइल उघडते’ या उत्तरावर थांबू नका : बाइट हेक्समध्ये पाहताना

नमस्कार. तुम्ही सी भाषेत एक लहान प्रोग्राम लिहिला आहे आणि पीएनजी चित्राच्या फाइलमधला प्रत्येक बाइट त्यातून हेक्समध्ये दाखवायचा आहे. विंडोजवर पहिल्याच बाइटला ८९ च्या आधी सहा ‘एफ’ चिकटून येतात, त्यानंतर ५० ४ई ४७ ०ए एवढे दिसते आणि फाइल संपली असे समजून प्रोग्राम थांबतो. मित्राच्या लिनक्सवर मात्र तोच प्रोग्राम शेवटपर्यंत चालतो. वर्गात विचारल्यावर ‘फाइल करप्ट असेल, दुसरी घ्या’ असे उत्तर मिळाल्याचेही तुम्ही लिहिले आहे. ते वाक्य वाचल्यावर सविस्तर लिहिणे भाग पडले, कारण याच जातीच्या उत्तराने आमचे फार मोठे नुकसान केले होते. हेक्स म्हणजे काय, फाइल कशी उघडतात, लूप कसा लिहितात हे सोडून देते. ते तुम्हाला येते हे तुमच्या प्रोग्रामवरूनच दिसते.

आधी तुमच्या प्रश्नाचे उत्तर. तुमच्या प्रोग्रामात दोन वेगळे दोष आहेत. सहा ‘एफ’ येतात ते तुम्ही बाइट साध्या ‘कॅर’ प्रकारात ठेवल्यामुळे. तुमच्या संगणकावर हा प्रकार चिन्हासहित असतो, त्यामुळे हेक्समधल्या ८० पासून पुढचा प्रत्येक बाइट ऋण संख्या ठरतो आणि छापताना तो चार बाइटांच्या पूर्णांकात रूपांतरित होतो, तेव्हा वरचे तीन बाइट एफने भरले जातात. ‘अनसाइन्ड कॅर’ वापरा आणि छापताना टक्केचिन्हापुढे शून्य, दोन व लहान लिपीतला एक्स द्या, म्हणजे ०ए हा नुसता ‘ए’ असा न येता दोन अंकी येईल. हाच प्रोग्राम रास्पबेरी पायच्या लिनक्सवर चालवला तर एफ दिसणार नाहीत, कारण साधा ‘कॅर’ चिन्हासहित असावा की नसावा हे सी भाषेने कंपायलरवर सोडले आहे. म्हणून ‘माझ्याकडे बरोबर येते’ हा इथे पुरावा ठरत नाही. जावामध्ये तर बाइट नेहमीच चिन्हासहित असतो, तिथे तो आधी एफएफशी ‘अँड’ करून घ्यावा लागतो.

फाइल पाचव्या बाइटनंतर संपते ती तुम्ही ती ‘आर’ म्हणून, म्हणजे टेक्स्ट मोडमध्ये, उघडल्यामुळे. तिथे ‘आरबी’ लिहा, म्हणजे फाइल बायनरी मोडमध्ये, बाइटांना हात न लावता, वाचली जाईल. पीएनजीचे पहिले आठ बाइट ठरलेले असतात : ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचे सी रनटाइम (सी प्रोग्राम ज्याच्या आधारे चालतात ती तयार लायब्ररी) टेक्स्ट मोडमध्ये वाचताना ०डी ०ए या जोडीचा एकटा ०ए करते आणि १ए दिसताच मजकूर संपला असे मानते. ही प्रथा सीपी/एम या जुन्या प्रणालीपासून चालत आली आहे. तिथे फाइलची लांबी १२८ बाइटांच्या ठोकळ्यांतच नोंदली जाई, म्हणून मजकूर नेमका कुठे संपला हे दाखवायला १ए लागत असे. पीएनजीचे प्रमाण १९९६ साली ठरले तेव्हा हे आठ बाइट जाणूनबुजून असे निवडले गेले, की वाटेत कोणी फाइलला मजकूर समजून हात लावला तर ते पहिल्याच ओळीत उघड व्हावे. म्हणजे तुमच्या फाइलने तिचे काम चोख केले आहे आणि ती खराब आहे असे म्हणायला अजून कोणताच आधार नाही.

आता मला ज्याबद्दल खरे सांगायचे आहे ते. मी भोसरी औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यासाठी काम करत होते. तिथे सुट्या भागांचे हीट ट्रीटमेंट होई आणि प्रत्येक बॅचच्या तापमानाची नोंद भट्टीला जोडलेला एक लॉगर ठेवत असे. ग्राहकाला त्या नोंदी ऑडिटच्या वेळी दाखवाव्या लागत. लॉगरमधला डेटा विक्रेत्याच्या सर्व्हरवर जाई आणि तिथून आम्ही एफटीपीने, म्हणजे फाइली नेण्या-आणण्याच्या एका जुन्या पद्धतीने, उतरवून घेत असू. एक नोंद ३२ बाइटांची : सुरुवातीला एए ५५ ही खूण, मग दोन बाइटांचा अनुक्रमांक, मग वेळ, तापमाने आणि शेवटी आधीच्या बाइटांच्या बेरजेचा एक बाइट. सुरुवातीच्या काही नोंदी अगदी बरोबर वाचल्या जात आणि त्यानंतर अचानक तापमान चार लाख कोटी अंशांच्या वर जाई.

विक्रेत्याच्या पुण्यातल्याच सेवा विभागाकडे आम्ही तक्रार नोंदवली. प्रत्येक वेळी उत्तर तेच : ‘आमच्याकडे फाइल उघडते आहे, तुमच्या बाजूने तपासा.’ आम्ही एकच माहिती मागत होतो, की त्यांच्या सर्व्हरवर त्या फाइलचा आकार नेमका किती बाइट आहे. त्याऐवजी केबीत गोल केलेला आकडा येई, नव्याने अर्ज भरायला सांगितले जाई, किंवा त्यांचे दर्शक सॉफ्टवेअर पुन्हा बसवून पाहा असा सल्ला मिळे. मला आजही याचा मनापासून राग येतो, कारण तो आकडा सांगायला सर्व्हरवर एक आज्ञा पुरली असती. ते लोक खोटे बोलत नव्हते. त्यांच्याकडे फाइल खरोखरच उघडत होती. पण ती होती त्यांच्या सर्व्हरवरची मूळ फाइल, आमच्याकडे पोहोचलेली नव्हे, आणि हा फरक त्या विभागातल्या एकाही माणसाने विचारात घेतला नाही. तोवर लॉगरची मेमरी भरली आणि जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या गेल्या. सर्व्हरवरच्या मूळ फाइलीही त्यांच्या नियमित सफाईत काढून टाकल्या गेल्या.

उलगडा हेक्समध्ये पाहिल्यावर झाला. दर ओळीला ३२ बाइट मांडून फक्त अनुक्रमांकाच्या स्तंभाकडे पाहिले : ०७ ००, ०८ ००, ०९ ००, आणि त्यापुढे ०ए ०० ऐवजी ०डी ०ए ००. त्या एका जादा बाइटमुळे पुढची नोंद १२८ या ऑफसेटला (फाइलच्या सुरुवातीपासूनच्या अंतरावर) सुरू व्हायची ती १२९ ला सुरू झाली होती. तेराव्या अनुक्रमांकाचा ०डी ०० मात्र जसाच्या तसा होता. मग पूर्ण फाइल शोधली, तर ज्याच्या आधी ०डी नाही असा ०ए तिच्यात एकही नव्हता. बायनरी फाइलमध्ये असे योगायोगाने होत नाही; कोणीतरी प्रत्येक ०ए च्या आधी ०डी घातला होता. तापमानाच्या आकड्याचेही कोडे त्यातच सुटले. ८५० अंश हे तापमान चार बाइटांच्या फ्लोटमध्ये (दशांश संख्येच्या प्रकारात), खालचा बाइट आधी या क्रमाने, ०० ८० ५४ ४४ असे लिहिले जाते. वाचन एका बाइटने अलीकडे सरकले की ५४ हा सर्वांत वरचा बाइट ठरतो आणि ४.४ लाख कोटींच्या आसपासची संख्या मिळते.

दोष एफटीपीचा होता. १९८५ च्या प्रमाणानुसार त्यात काहीच न सांगितल्यास धरला जाणारा प्रकार मजकुराचा आहे, बायनरी हवे असेल तर तसे सांगावे लागते. विक्रेत्याने दिलेली फाइल उतरवून घेण्याची स्क्रिप्ट ते सांगत नव्हती, त्यामुळे लिनक्स सर्व्हरवरून निघताना प्रत्येक ०ए चा ०डी ०ए होत होता. या प्रकारचा बिघाड उलटवता येतो : प्रत्येक ०ए च्या आधीचा एक, आणि एकच, ०डी काढायचा. आमच्या फाइली अशा सुधारल्यावर प्रत्येक नोंद पुन्हा ३२ बाइटांची झाली आणि शेवटच्या बाइटची बेरीजही जुळली. मात्र यात मोठा ‘जर’ आहे. काही प्रोग्राम आधीच ०डी असेल तर दुसरा घालत नाहीत, आणि तसे झाले असेल तर मूळ कुठले व घातलेले कुठले हे बेरीज तपासल्याशिवाय ठरवता येत नाही. उलट दिशेने, म्हणजे ०डी ०ए चा ०ए झाला असेल, तर गेलेला ०डी कुठे होता हे फाइलवरून कळत नाही. म्हणून सुधारणा नेहमी प्रतीवर करा, हाती असलेल्या एकमेव फाइलवर नको.

यावरून माझे मत ठाम झाले आहे, आणि ते मतच आहे असे समजून घ्या : फाइल देणाऱ्या कोणत्याही कार्यालयाकडून आकार बाइटांत आणि जमल्यास एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या बाइटांवरून काढलेला ठसा) मागितल्याशिवाय चर्चेला सुरुवातच करू नये. तो काढायला विंडोजवर सर्टयूटिल, लिनक्सवर एसएचए२५६सम, दोन्ही आधीपासून बसवलेले असतात. आकारही पुष्कळ सांगून जातो. ज्यात सगळे बाइट सारख्या प्रमाणात येतात अशा १ एमबी डेटामध्ये ०ए साधारण ४,०९६ वेळा असतो, म्हणजे असा बिघाड झालेली फाइल सुमारे ४ केबीने फुगते.

तुम्ही पुढे पायथॉनकडे वळणार आहात असे लिहिले आहे, म्हणून तिथले दोन धोके सांगते. यूटीएफ-८ ही अक्षरांची संकेतपद्धत धरून टेक्स्ट मोडमध्ये अशी फाइल वाचली की त्रुटी येते, कारण तिच्यात ८९ ने कोणतेही अक्षर सुरू होऊ शकत नाही. त्यावर ‘त्रुटी दुर्लक्षित करा’ हा पर्याय देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो बाइट गुपचूप गाळतो, म्हणून कृपया वापरू नका. दुसरे काही जण लॅटिन-१ ही संकेतपद्धत सुचवतात. त्यात बाइट गळत नाहीत हे खरे, पण ओळीच्या शेवटाचे रूपांतर होतच राहते आणि ०डी ०ए चा ०ए होतो. तिथेही ‘आरबी’ हेच उत्तर आहे.

स्वतःच्या प्रोग्रामचे आउटपुट पडताळायला एक्सएक्सडी हे बाइट हेक्समध्ये दाखवणारे साधन घ्या. हेक्सडम्प हे तसेच दुसरे साधन वापरत असाल तर मोठा सी हा पर्याय अवश्य द्या. तो दिला नाही तर सामान्य संगणकावर बाइट दोन-दोनच्या जोडीने उलटे दिसतात आणि तुमची पीएनजी ५०८९ ४७४ई अशी सुरू होताना दिसेल. आणखी एक : एफगेटसी या एकेक बाइट वाचणाऱ्या सीच्या फंक्शनचे उत्तर ‘इंट’मध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या प्रकारात, घ्या. ‘कॅर’मध्ये घेतले तर तुमच्या संगणकावर एफएफ हा बाइट आणि फाइलचा शेवट यांत फरक राहत नाही, आणि पुसलेल्या फ्लॅश मेमरीत सगळीकडे एफएफच असतो.

मी तुमचा कंपायलर पाहिलेला नाही, तेव्हा वरचे सगळे तुम्ही दिलेल्या आउटपुटवरून लिहिले आहे. ‘आरबी’ आणि ‘अनसाइन्ड कॅर’ हे दोन बदल करून पहिले दहा बाइट पाहा. ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए आले तर फाइलची सुरुवात शाबूत आहे. ०डी ०डी ०ए १ए ०डी ०ए असा भाग दिसला तर ती वाटेत फुगली आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे बहुधा सुधारता येईल. ४७ च्या लगेच पुढे ०ए १ए ०ए आले तर मात्र सुधारण्यात वेळ घालवू नका, मूळ ठिकाणाहून बायनरी मोडमध्ये पुन्हा उतरवून घ्या.