आधी वळण बघ

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, फोटोही पाहिले. लेगोच्या ठोकळ्यांचं वाफेचं इंजिन छान जमलंय, विशेषतः चिमणीखालचा गोल भाग. आता तुला कुणी न केलेलं काहीतरी करायचंय आणि त्यासाठी मी एखादं विचित्र इंजिन सुचवावं, असं तू लिहिलं आहेस. सुचवतो. पण त्याआधी 'विचित्र' हा शब्द जरा बाजूला ठेव. वेगळं दिसावं म्हणून कुणी इतकं पोलाद खर्ची घालत नाही. कुणापुढे तरी काही अडचण होती. कुठे घाट, कुठे तीव्र वळण, कुठे तिजोरीत खडखडाट. ते इंजिन म्हणजे त्या अडचणीला दिलेलं उत्तर. अडचण समजून न घेता बांधलेलं मॉडेल लांबून बरं दिसतं आणि रुळावर ठेवलं की पहिल्याच वळणावर उतरतं. माझं उतरलं होतं, म्हणून सांगतो.

सुरुवात आपल्या खेकड्यापासून, म्हणजे घाटातल्या जुन्या विजेच्या इंजिनापासून कर. जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने मुंबई-पुणे मार्गावर वीज आणली तेव्हा बोरघाटात मालगाड्या चढवायला १९२८ च्या सुमारास ही इंजिनं येऊ लागली. आधीची विंटरथूरहून, म्हणजे स्वित्झर्लंडहून, आणि बाकीची इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीतून. एकूण ४१. त्यांचं मूळ नाव ईएफ-१, पुढे डब्ल्यूसीजी-१ झालं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, सी म्हणजे डीसी वीज, जी म्हणजे गुड्स. जगभर या घडणीच्या इंजिनांना मगर म्हणतात, कारण मध्ये केबिन आणि दोन्हीकडे लांब नाकाडं. आपल्या रेल्वेवाल्यांनी मात्र त्याला खेकडा म्हटलं. उभं असताना ते कण्हल्यासारखा आवाज काढायचं. मी शाळकरी असताना कल्याणच्या यार्डात उतारवयातला एक खेकडा शंटिंग करायचा, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवायचा. तो आवाज अजून कानात आहे.

आता त्याची अडचण बघ. कर्जतच्या वर घाटात चढ १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एवढ्या चढावर चाकं घसरू नयेत तर इंजिनाचं वजन हवं, ते वजन पेलायला चाकं जास्त हवीत आणि चाकं जास्त झाली की लांबी वाढते. लांब इंजिन वळणावर अडतं. म्हणून त्याचे तीन तुकडे केले. सहा चाकांचा एक गाडा पुढे, एक मागे, नाकाडं त्या गाड्यांवरच बसवलेली, त्यामुळे गाडा वळला की नाकाडही वळतं. केबिनचा भाग दोन्हींच्या मध्ये टेकलेला. (या गाड्याला बोगी म्हणतात. आपण डब्यालाच बोगी म्हणतो, त्यामुळे परदेशी आराखडे वाचताना गोंधळ होतो, तेवढं लक्षात ठेव.)

हे ठोकळ्यांत कसं उतरतं ते वहीत मांडू. लेगोच्या रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर साधारण ३७.५ मिलिमीटर आहे. युरोपातले लोक १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून, म्हणजे खऱ्या रुळांमधल्या अंतरावरून, हिशेब करतात, म्हणून त्यांचं प्रमाण १:३८ येतं. आपलं ब्रॉडगेज १६७६. भागाकार केलास की १:४५ च्या जवळ येतो. भारतीय इंजिन युरोपच्या प्रमाणाने बांधलं की ते रुळांवर पोट सुटल्यासारखं बसतं. ही चूक मी पुष्कळ चांगल्या मॉडेलांत पाहिली आहे. तू १:४५ धर. इंजिनाची खरी लांबी साधारण २० मीटर, म्हणजे मॉडेल पाऊण हातापेक्षाही लांब, जवळपास ४५ सेंटिमीटर. एका स्टडला (ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्याला) ८ मिलिमीटर या हिशेबाने ५६ स्टड. रुंदी साडेआठच्या आसपास येते. ती आठच ठेव, विषम रुंदीत मधोमध जोडणी करताना जीव जातो.

आता खेळण्यातलं वळण. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२ सेंटिमीटर. आपल्या प्रमाणात ती फक्त १४ मीटर होते. अगं, बोरघाटात कुणी असं वळण टाकलं असतं तर एकही गाडी गेली नसती. तेव्हा खऱ्या इंजिनापेक्षा तुझ्या इंजिनापुढची अडचण कितीतरी मोठी आहे. अखंड धड करून दोन बोग्यांची केंद्रं ३४ स्टडवर ठेवलीस, तर वळणावर मधला भाग साडेतीन स्टडांपेक्षा जास्त आत झुकतो. माझा पहिला खेकडा तसाच अखंड होता. घरी सरळ रुळावर डौलात उभा राहायचा. प्रदर्शनात बोगद्याच्या तोंडाशी केबिनची बाजू घासली आणि मागची बोगी बाहेर पडली. त्या रात्री मी तो उकलला आणि पहिल्यांदा मूळ आराखडा नीट पाहिला. विंटरथूरच्या माणसांनी माझा प्रश्न किती तरी वर्षं आधी सोडवून ठेवला होता. मी दिसणं तेवढं उचललं होतं.

म्हणून आधी नुसता सांगाडा बांध. दोन बोग्या, मधला पूल, वर काहीही नाही. तो सगळ्यात वाईट वळणावरून हाताने ढकल, मग उलटा ढकल. प्रत्येक बोगीत तीन आस, म्हणजे समोरासमोरची दोन चाकं जोडणारे दांडे, असतील; त्यांपैकी मधल्या आसाला कड नसलेलं चाक लाव. लेगोत तसं मोठं चाक मिळतं आणि कित्येक खऱ्या इंजिनांतही मधली चाकं बिनकडेचीच असत. एका बाजूची चाकं एकमेकांना जोडणारे बाहेरचे दांडे लावताना उजवी बाजू डावीपेक्षा पाव फेरा पुढे ठेव. दोन्ही बाजू एकाच वेळी टोकाला पोचल्या तर चाक पुढे फिरायचं की मागे, हे त्याला कळत नाही आणि सगळं आवळून बसतं. लेगोचा आस अधिक चिन्हासारखा असल्यामुळे हा पाव फेरा आपोआप नेमका मिळतो. कंपनीने २०२० साली मगर इंजिनाचा स्वतःचा संच काढला होता, १,२७१ तुकड्यांचा. कुणाकडे असेल तर त्याचे सांधे बघून घे. पण तो स्विस मगरीवर बेतलेला आहे, त्याचा रंग बदलून खेकडा होणार नाही.

खेकडा जमला की छोट्या गेजकडे वळ. बार्शी लाईट रेल्वे माझ्या फार जवळची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत ७६२ मिलिमीटरची लाइन सुरू केली. ती पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. रूळ हलके आणि स्वस्त ठेवायचे, तर कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार टाकायचा नाही, असा त्याचा नियम होता. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेलं इंजिन एवढंसं असूनही त्याला आठ जोडलेली चाकं आणि मागे चार छोटी. शंभर पायांच्या गोमेसारखं दिसतं. त्यामागे पाच टनांचा तो हिशेब आहे. तुझ्यासाठी आनंदाची बाब अशी की १:४५ मध्ये हे गेज १७ मिलिमीटर येतं, म्हणजे जवळपास नेमके दोन स्टड. रूळ चपट्या टाइलचे कर आणि इंजिन उभंच ठेव. आठ चाकं आणि दोन स्टडांचं गेज एवढ्या जागेत मोटर बसवायच्या भानगडीत पडू नकोस.

माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनांचं कौतुक वेगळं. ओरेनस्टाइन अँड कॉपेल या जर्मन कारखान्याने ती बांधली, लाइन १९०७ ची. पुढचा आणि मागचा आस पोकळ होता आणि वळणावर बाजूला सरकायचा. क्लीन-लिंडनर म्हणतात त्या रचनेला. एवढंच मॉडेलमध्ये दाखवायचं असेल तर मोठ्या प्रमाणात फक्त चाकांचा भाग बांध, वरचं इंजिन नकोच. तसं कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही.

त्याच कारखान्याची आणखी एक करामत दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. पतियाळा संस्थानची एकरूळी गाडी. १९०७ ते १९२७ ती चालली. रूळ एकच. त्यावर दोन्ही बाजूंनी कडा असलेली तीन चाकं एकामागे एक, आणि एका बाजूला हात लांब करून टेकावं तसं एक मोठं चाक थेट रस्त्यावर. जवळपास सगळं वजन रुळावर, रस्त्यावरच्या चाकाकडे फक्त तोल. संस्थानाने रस्त्याच्या कडेलाच रूळ टाकला, वेगळी जमीन लागली नाही. बंद पडल्यावर इंजिन कित्येक वर्षं भंगारात पडलं होतं. माइक सॅटो या रेल्वेवेड्या माणसाला ते १९६२ मध्ये सापडलं आणि अमृतसरच्या कारखान्यात पुन्हा चालतं केलं गेलं. बांधताना बाजूच्या चाकाखाली कागदाचा कपटा ठेवून बघ. कपटा सहज ओढता आला पण चाक टेकलेलं राहिलं, तर तोल बरोबर.

आयर्लंडमधल्या लिस्टोवेल-बॅलीब्यूनियन गाडीचं याच्याही पुढे गेलेलं. १८८८ ते १९२४. मीटरभर उंचीच्या घोडीवर, म्हणजे उभ्या आधारांच्या रांगेवर, एकच रूळ आणि खोगिरावर दोन्हीकडे पिशव्या लटकवाव्यात तसं इंजिन. म्हणून त्याला बॉयलरही दोन. डब्यांत दोन्ही बाजूंना माणसं सारखी बसवावी लागत. पियानो न्यायचा तर पलीकडच्या बाजूला गाय घालायची आणि मग ती गाय परत आणायला दोन वासरं लागायची, असे किस्से तिथे सांगतात. खरं-खोटं असो, पण त्यात गाडीची सगळी यंत्रविद्या आली. तुझ्या मॉडेलमध्ये डाव्या बॉयलरचा एक ठोकळा वाढला तर उजवीकडे तेवढंच वजन वाढवावं लागेल. स्वयंपाकघरातला वजनकाटा जवळ ठेव.

मागे विमानाचा पंखा लावलेली जर्मन गाडी, १९३१ मध्ये ताशी २३० किलोमीटर गाठलेली, तू पत्रात लिहिली आहेस. ती सगळेच बांधतात. सध्या राहू दे.

रंगाबद्दल तेवढं सांगतो. संग्रहालयातला रंग हा शेवटच्या रंगाऱ्याचा असतो, तो पाहून तुकडे मागवू नकोस. कृष्णधवल फोटोंवरून अंदाजही बांधू नकोस. आधी हाताशी असतील त्या रंगीबेरंगी तुकड्यांनी पूर्ण इंजिन उभं कर, चालव, आणि मगच योग्य रंगाचे तुकडे हळूहळू घे. हे तुकडे स्वस्त नाहीत आणि घरच्यांच्या खिशाचा विचार तुलाच करायचा आहे.

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक खेकडा उभा आहे. दिवाळीच्या सुट्टीत तू मुंबईत आहेस ना? सकाळी लवकर जाऊ, ऊन चढायच्या आत. मोजपट्टी मी आणतो, तू चौकटीची वही आण. नाकाड आणि केबिन यांच्यामधली फट किती आहे ते मला अजून नेमकं मोजायचं आहे, आणि त्यासाठी खाली वाकून बघणारं माणूस हवं. माझे गुडघे आता तेवढे वाकत नाहीत.

तुझा,
काका