लेथसाठी लाकूड हवंय? आधी जळाऊ लाकडाची वखार गाठा

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, शिकताना सागवानावर पैसे घालू नका. जळाऊ लाकडाच्या वखारीत आंबा, बाभूळ, सुबाभूळ वजनावर मिळतं. ओंडके स्वतः निवडा. सालीखालून भुसा गळत असेल तर तो नकोच. आणल्या दिवशीच गाभ्यातून उभा चिरा आणि दोन्ही टोकांना मेण किंवा उरलेला ऑइलपेंट जाड थापा. टोकांतून पाणी सगळ्यात लवकर उडतं, तडे तिथूनच सुरू होतात. वाडगा ओला असतानाच ओबडधोबड काढा: १० इंची वाडग्याची भिंत साधारण १ इंच जाड ठेवा, सुकला की अंतिम आकारासाठी पुन्हा लेथवर चढवा. आंबा फार दिवस साठवू नका, लवकर किडतो. पाडलेल्या घरांच्या जुन्या चौकटी उत्तम सुकलेल्या असतात, फक्त आधी चुंबक फिरवून खिळे शोधा.