मॅडम, दुसऱ्याने दिलेल्या विषयावर लिहिलं तर ते माझं कसं?

हा प्रश्न लिहिणारी माणसं मला बरेचदा विचारतात आणि खरं सांगायचं तर प्रश्न तो नसतोच, आपल्याला आता काही सुचत नाही ही भीती असते, ती सरळ बोलवत नाही म्हणून असं विचारायचं.

मागे माझ्याकडे समुपदेशनाला एक बाई आल्या होत्या, चाळिशीच्या, बँकेत नोकरी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, लिहायला त्यांनी हो म्हटलंय). आल्या झोप लागत नाही म्हणून. तिसऱ्या सेशनला निघता निघता, पर्सची चेन लावत म्हणाल्या, मी पूर्वी कथा लिहायचे हो, दोन दिवाळी अंकात आल्या पण होत्या, आई गेली तेव्हापासून चार वर्षं एक ओळ नाही. आणि मोबाईल पुढे केला. त्यात रायटिंग प्रॉम्प्ट्सचे, म्हणजे लिहायला दिलेल्या आयत्या विषयांचे स्क्रीनशॉट, दोनशेच्या वर असतील. ‘गमावलेल्या माणसाला पत्र लिहा’, ‘तुमच्या आयुष्यातली सगळ्यात काळी रात्र’, असलेच सगळे. रात्री अकराला त्यातला एक उघडायचा, अर्धा तास बघत बसायचं आणि मग झोपेचं खोबरं.

इथे मीही माती खाल्ली. म्हटलं थोडं सोपं करू, आणि त्यांना ‘आईची एक वस्तू’ असा विषय दिला. पुढच्या वेळी आल्याच नाहीत. त्यानंतरच्या वेळी आल्या त्या कोरी वही घेऊन.

दुःखावर थेट लिहायची पद्धत आहे, नाही असं नाही. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा 1986 चा प्रयोग आम्हाला शिकवतात, त्यात कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटं आपल्या मनाला लागलेल्या गोष्टींवर लिहायला लावलं होतं. पुढच्या काही महिन्यांत काही जणांचं डॉक्टरकडे जाणं कमी झालं, पण लिहून उठल्या उठल्या मुलांना जास्तच वाईट वाटत होतं, हे लोक सांगायचं विसरतात. आणि ते लेखन कथा नव्हे. ते औषध म्हणून घ्यायचं, तेही कोणीतरी सोबत असताना, रात्री अकराला एकटीने मोबाईलवर नाही. कथेला लागतो तो विषय छोटा हवा, हातात मावेल एवढा, आणि त्यात ‘भावना’ हा शब्दच नको.

मग मी म्हटलं, शाळेत ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ असायचं ना, तेव्हा कुठे विचारत होतात ही माझी गोष्ट का म्हणून? हसल्या. विषय दिला ‘भिंतीपलीकडून येणारा आवाज’. अटी अशा: दहाच मिनिटं, मोबाईलचा टायमर लावून, ‘मी’ वापरायचा नाही, पाठकोऱ्या कागदावर लिहायचं, खोडायचं नाही. चांगल्या वहीत माणूस चांगलंच लिहायला जातो आणि अडकतो.

जे लिहून आणलं ते असं होतं: सोसायटीतली एक बाई रोज सकाळी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजते. रोज चार होतात. आज पाचवी झाली, सहावी झाली, आणि ही हातातली कणीक तशीच घेऊन भिंतीला कान लावून उभी आहे. एवढंच, दीड पान. शेवटी मात्र ‘शेजाऱ्यांची विचारपूस करावी’ अशा अर्थाचं एक वाक्य, शाळेतल्या तात्पर्यासारखं. ते तेवढं काढा म्हटलं. लगेच काढलं, जरा नाराजीनेच.

आईचं नाव कुठेच नव्हतं. मी पण काढलं नाही. सातव्या शिट्टीनंतर काय होतं ते त्यांनी दोन आठवड्यांनी लिहिलं, आणि ते लिहिताना आई आलीच, पण तिला यायचं होतं तिथून आली.

आता तो ‘माझं कसं’ चा मुद्दा. मी त्यांना इंग्रज लेखिका मेरी शेलीची हकिगत सांगितली. 1816 चा उन्हाळा, जिनिव्हाजवळ सारखा पाऊस, सगळे घरात अडकलेले, आणि त्यांच्यातला कवी बायरन म्हणाला प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. म्हणजे प्रॉम्प्टच की. मेरी अठरा वर्षांची, तिला काही सुचेना, रोज सकाळी लोक विचारायचे सुचली का गोष्ट आणि तिला मान खाली घालून नाही म्हणावं लागायचं, हे तिने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. त्यातून ‘फ्रँकेन्स्टाइन’ आलं, 1818 मध्ये छापलं गेलं. विषय बायरनचा होता म्हणून कोणी ते पुस्तक त्याच्या नावावर टाकलं नाही. शिट्ट्या तर सगळ्यांच्याच घरी होतात, मोजायला ती बाई तुम्हीच उभी केलीत ना?

स्क्रीनशॉट सगळे डिलीट करा असं मी सांगितलं, त्यांनी बहुतेक अर्धेच केलेत. असू दे. आता आठवड्यातून दोनदा लिहितात, ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत, कधी जमतं कधी नाही.

कथेतल्या बाईने शेजारचं दार वाजवायचं की आधी वॉचमनला बोलवायचं यावर परवा आमचा चाळीस मिनिटं वाद झाला. झोपेचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत निघाला, तोही मीच काढला.