पहिली चूक झाल्यावर: पालक आणि शिक्षकांचे प्रश्न

गोव्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची गुन्ह्याची प्रकरणं पाहणाऱ्या बाल न्याय मंडळावर समाजसेवक सदस्य म्हणून काम केलं तेव्हापासून अशी पत्रं येत राहतात. या वेळची पाच निवडली आहेत. नावं अर्थातच काढली आहेत.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत आहे. त्याने आणि वर्गातल्या दोघांनी मैदानावरून एकाचा मोबाइल उचलला. उद्या पोलिस स्टेशनवर बोलावलंय. त्याचे बाबा म्हणतात, टाका आत, अद्दल घडेल. त्याचं आयुष्य वाया गेलं का? (एक आई, डिचोली)

नाही ताई, वाया गेलेलं नाही. उद्या तुम्ही दोघंही त्याच्याबरोबर जा. प्रत्येक पोलिस स्टेशनात बालकल्याण पोलिस अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याशीच बोलायचं आहे असं सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, हातकडी घालता येत नाही. ताब्यात घेतलंच तर 24 तासांच्या आत मंडळापुढे हजर करावं लागतं. साध्या चोरीला कमाल शिक्षा 3 वर्षांची आहे, म्हणून 2015 च्या बाल न्याय कायद्यात ती किरकोळ गुन्ह्यात धरतात. गुन्ह्यात मुलांसोबत कुणी सज्ञान माणूस सामील नसेल, तर अशा प्रकरणात एफआयआर होत नाही. डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार केला जातो. त्या अहवालासाठी माहिती विचारतील तेव्हा काही लपवू नका. घरात दारू असेल, भांडणं असतील, तर तसं सांगा. मंडळाला मदत ठरवायला तेच उपयोगी पडतं.

मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यात किमान एक बाई. समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरीच ठेवणं, असे अनेक मार्ग त्यांच्याकडे असतात. किरकोळ प्रकरणाची चौकशी 4 महिन्यांत, मुदत वाढवून दिली तर आणखी 2 महिन्यांत पुरी व्हावी लागते, नाहीतर प्रकरण बंद होतं. पुढे नोकरीत हे आडवं येऊ नये अशी तरतूद कायद्यातच आहे. वाड्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी त्याचा फोटो किंवा नाव टाकलं असेल, तर ते लगेच काढायला लावा. ज्यावरून मूल ओळखता येईल असा मजकूर प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे.

आता त्याच्या बाबांविषयी. एका सुनावणीला एक वडील आमच्यासमोर म्हणाले, 'हा माझा मुलगा नव्हेच.' पोरगा तोवर हुंदके देत होता. ते ऐकलं, बाहीने तोंड पुसलं आणि गप्प झाला. नंतर त्याने कुणालाही एकही प्रश्न विचारला नाही, घरी कधी जायचं हेसुद्धा नाही. मला त्याच्या रडण्याची भीती वाटली नव्हती, त्या गप्प होण्याची वाटली. ज्याला घरचे सोडतात त्याला उचलायला दुसरं कुणीतरी टपलेलंच असतं. राग जरूर दाखवा, फोन काढून घ्या, मंडळाची परवानगी घेऊन ज्याचा मोबाइल उचलला त्याच्या घरी माफी मागायला न्या. पण रात्री जेवायला ताटावर त्याला तुमच्या शेजारीच बसवा.

आमच्या शाळेत बाहेरून आलेल्या कामगारांची बरीच मुलं आहेत. मारामाऱ्या, शाळा बुडवणं, बाहेरच्या टोळक्यात बसणं वाढलंय. सहकारी म्हणतात, या मुलांमुळेच सगळं बिघडतं. करायचं काय? (शिक्षक, मुरगाव तालुका)

सर, स्टाफरूममध्ये बाहेरून आलेल्यांना हिणवणारा 'घाटी' हा शब्द चालत असेल तर आधी तो थांबवा. मुलांपर्यंत तो पोचलेला असतोच. माझ्यासमोर गोंयकार, म्हणजे मूळ गोव्याच्याच, घरातली मुलंही आली, सहा खोल्यांच्या घरांतलीही आली. मूळ गाव कोणतं यावरून मला कधीच काही कळलं नाही. कळायचं ते दोन प्रश्नांवरून: शाळा कधी सुटली, आणि दुपारी तीन ते रात्री आठ तू कुठे असतोस?

गरिबीने मूल चोर होत नाही. पण आईबाप दोघेही बांधकामावर, घर म्हणजे पत्र्याची एक खोली, शिकवण्याची भाषा घरच्या भाषेहून वेगळी, अशा मुलाला वाचायला येत नाही हे चौथीत कुणाच्या लक्षात येत नाही आणि नववीत तो आपटतो. वर्गात रोज मान खाली घालण्यापेक्षा नाक्यावर उभं राहणं त्याला सोपं वाटतं. तिथे त्याला किंमत असते.

म्हणून गैरहजेरीवर नजर ठेवा. सलग तीन दिवस मूल आलं नाही तर चौथ्या दिवशी कुणीतरी घरी जाऊन यावं, जाब विचारायला नव्हे, चौकशीला. आणि त्याला जमतं असं काहीतरी शोधा. दिवाळीआधी वाड्यावाड्यांवर नरकासुराचे पुतळे उभे राहतात ते बघितलेत ना? गणितात नापास होणारा पोरगा मोटार लावून त्या राक्षसाचा हात हलवून दाखवतो. कामट्या बांधणं, कागद चिकटवणं, वर्गणीचा हिशेब, सगळं मुलं करतात. (त्या रात्रीच्या दारूबद्दल वाड्यातल्या मोठ्यांनीच ठाम राहायला हवं.) या मुलांना त्या मांडवात जागा मिळते का, ते बघा. मला वाटतं, फुटबॉलच्या संघात किंवा शिगम्याच्या मेळात घेतलेलं एक मूल दहा व्याख्यानांपेक्षा सुरक्षित असतं.

पालक-शिक्षक संघाने ठरवलंय की दहावीच्या मुलांना कोलवाळचा तुरुंग दाखवायचा, म्हणजे धाक बसेल. तुमचं मत? (पालक, म्हापसा)

नेऊ नका. अमेरिकेत असे कार्यक्रम बरीच वर्षं चालले आणि त्यांची नीट तपासणी झाली. तुरुंग पाहून आलेल्या मुलांत गुन्हे कमी झाले नाहीत, उलट वाढल्याचं दिसलं. त्या सहलीचे पैसे समुपदेशकावर खर्च करा.

मुलगा सोळाचा. क्लासला जायला बस वेळेवर नसते म्हणून स्कूटर देतो. सगळेच देतात. इतकं काय त्यात? (वडील, फोंडा)

बसचा त्रास मला मान्य आहे. पण मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. आणि यापलीकडचं सांगतो. नियम आपल्या सोयीने मोडायचा असतो, हे तो तुमच्याच हातून चावी घेताना शिकतो.

आम्ही किनाऱ्याजवळ राहतो. मुलगा सतराचा. खिशात पाचशेच्या नोटा सापडल्या. विचारल्यावर म्हणाला, एक ओळखीचा माणूस पाकीट देतो, मी फक्त पोचवतो. तो स्वतःही ओढतो असं वाटतं. पोलिसांकडे जायची भीती वाटते. (आई, बार्देश)

बाय, भीती साहजिक आहे, पण थांबू नका. हे लोक अल्पवयीन मुलं मुद्दाम निवडतात. पोराच्या लेखी तो मित्र असतो. बाल न्याय कायद्याच्या 78 व्या कलमानुसार अमली पदार्थ पोचवायला मुलाला वापरणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या मुलाला त्याने वापरलंय, हीच गोष्ट आधी वकिलासमोर नीट मांडा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मुलांना आणि महिलांना वकील मोफत मिळतो. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही बोलता येतं. त्या माणसाला स्वतः जाऊन जाब विचारू नका.

ओढण्याच्या बाबतीत त्याला बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवा. आधी फोनवर बोलायचं असेल तर 14416 वर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे. 'वेड्यांचं इस्पितळ' म्हणून तो अडून बसेल. पहिल्या खेपेला तुम्ही स्वतःसाठी जा, झोप लागत नाही म्हणून सांगा. खोटं ठरणार नाही ते. त्याला म्हणा, सोबत चल, मला एकटीला नको वाटतं. आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच आईला सोडायला म्हणून गेला आणि तिसऱ्या खेपेला डॉक्टरांकडे स्वतःच बोलला.

आणि नोटा जाळून टाकू नका, खर्चूही नका. पाकिटात घालून वकिलाला दाखवा.