सेल्फला (स्टार्टर मोटरला) 'टक' झालं म्हणजे इंजिन गेलं असं नाही

तुम्ही सांगितलंय ते आधी एकदा मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर कळेल. कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, जुना म्हणजे मेकॅनिकल डिझेल पंप. मे महिन्यात वडिलांनी गाडी चालवत आणून शिरोळला मळ्यात लावली. जुलैत पुराचं पाणी चढलं, चाकं निम्म्याहून जास्त बुडाली, चार दिवस तसंच होतं. आता उसाचा हंगाम तोंडावर आलाय म्हणून नव्या बॅटऱ्या लावून सेल्फ मारला, तर एकदा 'टक' आणि पुढे काही नाही. मेस्त्री म्हणतोय इंजिन सीज (आतून जाम) झालंय, हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टनचा अख्खा संच, बसवू. त्याआधी ट्रॅक्टर लावून गियरमध्ये ओढून बघू.

ट्रॅक्टर लावू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं वडिलांना आजच सांगा.

या इंजिनाच्या एका सिलिंडरची क्षमता साधारण 980 सीसी. पिस्टन अगदी वर आला की हेडखाली जी जागा उरते ती फक्त 60 मिलीच्या आसपास. म्हणजे चहाच्या कटिंगएवढं पाणी किंवा डिझेल जरी एका सिलिंडरमध्ये साठलेलं असलं तरी पिस्टनला वर जायला जागा नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. सेल्फची ताकद बहुतेक वेळा तिथेच अडते, पण ट्रॅक्टरची अडत नाही. मग पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो.

हे मी भोगलंय. 2019 च्या ऑगस्टात महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता, तेव्हा आमची एक गाडी दुसऱ्या रस्त्याने पाण्यातून काढताना बंद पडली. पाणी एअर फिल्टरमधून आत गेलं होतं. एका गॅरेजवाल्याने गाडी ओढून घेतली, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढून पाणी उडवलं, इंजिन चालू झालं, सगळे खूश. मी विचारलं, रॉड तपासायचा का? म्हणाला गरज नाही, आवाज चांगला आहे. मीही मान डोलावली, कारण भाडं वाट बघत होतं. तीन महिन्यांनी आंबा घाटाच्या चढाला तो वाकलेला रॉड तुटला आणि ब्लॉक फोडून बाहेर आला. ड्रायव्हर वाचला, ब्लॉक नाही वाचला. तेव्हापासून जाम गाडी ओढायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता तुमच्या गाडीचं. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: गाडी चालवत आणून लावली. उभ्या गाडीचं बेअरिंग जळत नाही. बेअरिंग जळतं, पिस्टन सिलिंडरला चिकटतो, ते चालत्या इंजिनात. ऑइल संपलं, पाणी संपलं, तापलं की. त्याआधी ऑइल प्रेशर पडतं, ठोका येतो, गाडी जड होऊन बंद पडते. तुमच्या वडिलांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही. मग न उघडता 'हाफ इंजिन' म्हणायला आधार काय? उभ्या गाडीत तीनच मोठ्या शंका: इंजिनाबाहेरचं काहीतरी अडकलंय, सिलिंडरमध्ये गंज धरलाय, किंवा आत पाणी-डिझेल साठलंय. पहिलीच माझ्या मते जास्त संभवते, कारण तेवढ्या पाण्यात सेल्फ आणि क्लच हाउसिंग दोन्ही भिजलेले असणार.

म्हणून आधी बॅटरीची केबल सोडा आणि चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन प्लग हळूच सैल करा, पूर्ण काढू नका. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं. पहिल्यांदा पाणी आलं तर तिथेच कळलं की हे ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. ऑइल गेजवर पातळी वाढलेली दिसली किंवा ऑइल दुधाळ असलं तरी तोच अर्थ. प्लगच्या टोकाला चकाकणारा चुरा आहे का बघा, चुंबक फिरवा. बेअरिंगचा चुरा चुंबकाला लागत नाही, हे लक्षात ठेवा. 'काही चिकटलं नाही म्हणजे ठीक' असं समजू नका.

मग सेल्फ उतरवा. पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) रिंग गियरमध्ये (फ्लायव्हीलच्या कडेच्या दातांत) रुतून गंजलेला असणं पुरानंतर फार सामान्य आहे. सेल्फ बाहेर बेंचवर 24 व्होल्टवर फिरतोय का बघा. फिरत नसेल तर निम्मी गोष्ट तिथेच संपली. फॅन बेल्ट काढा, डायनॅमो आणि वॉटर पंप हाताने फिरतात का पाहा. हवेचा कंप्रेसर बेल्टवर नाही, गियरवर आहे, तो अडकला तर थेट इंजिन अडकतं; शंका आली तर उतरवा. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: न्यूट्रल असलं तरी क्लचचं पेडल दाबलेलं नसताना गियरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतो. गियरबॉक्सात पाणी शिरून आत काही गंजलं असेल, आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल, तर पेडल दाबूनही सुटका होत नाही. इंजिन मात्र निर्दोष असतं.

एवढं झाल्यावर सहाही नोझल काढा. नंबर घालून ठेवा, भोकात कापड कोंबा, कचरा जाऊ देऊ नका. (नव्या कॉमन रेल गाडीत हे काम स्वतः करू नका, अनेक इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरचा वेगळा कोड असतो.) फिरवण्याआधी कापडं काढा. आता सेल्फच्या भोकातून रिंग गियरच्या दाताला टॉमी (लोखंडी पहार) लावून हाताने फिरवा. कोणीही हेडवर वाकून बघायचं नाही. पाणी असलं तर पिचकारी उडते आणि डोळा जातो.

यात इंजिन स्वतः बोलतं. नोझल निघताच मोकळं झालं आणि पाणी उडालं, तर विषय पाण्याचा. मग माझ्यासारखं करू नका, हेड उतरवून प्रत्येक पिस्टन टॉपला किती उंच येतो ते डायल गेज लावून मोजा. एखादा इतरांपेक्षा खाली राहिला तर तो रॉड वाकलाय. दोन्ही दिशांना थोडं फिरून त्याच जागी ठेचत असेल, तर आत काही तुटलंय, व्हॉल्व्ह किंवा गियर. दोन्हीकडे केसभरही हलत नसेल, तर गंज.

गंजाला घाई चालत नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं पातळ तेल) निम्मं-निम्मं, चार-पाच चमचे, आणि तीन दिवस तसंच. रोज टॉमीने हलकं पुढे-मागे. सुटत असेल तर आधी सुतभर सुटतं, मग बोटभर. अडलं तर जोर वाढवू नका, दिवस वाढवा. आणि सुटल्यावर, नोझल बसवण्याआधी, इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवून ते सगळं तेल बाहेर काढा. वर सांगितलेले 60 मिली आठवा. औषध म्हणून ओतलेलं तेलच रॉड वाकवू शकतं.

आठवड्यात सुटलं नाही तर हेड आणि चेंबर उतरवावं लागेल, तेव्हा बेअरिंगच्या कॅपवर नंबर आधी पंच करून घ्या. एकेक कॅप सैल करत गेलं की कुठे अडकलंय ते सापडतं. सिलिंडर खराब निघाले तरी या इंजिनाचा ब्लॉक कोल्हापुरात उद्यमनगरात बोअर करून मिळतो, क्रँक ग्राइंड होतो. हाफ इंजिनाचा विचार त्यानंतर.

ड्रेन प्लगमधून आधी काय आलं आणि सेल्फच्या पिनियनचे दात कसे दिसतात, एवढ्या दोन गोष्टी कळवा. जमल्यास फोटो टाका. तोवर बॅटरीची केबल सुटीच राहू दे, कुणी सहज म्हणून चावी फिरवायला नको.